जाड काच डावीकडे

४ सप्टेंबर

प्रिय भिंग,

पोचलो. दोघी धड आहोत, बॅगाही धड आहेत.

हा मेसेज फोनवर आला असला तरी पत्र समजून वाच. वर तारीख, खाली सही, मध्ये पूर्ण वाक्यं. तीस वर्षं पोरींना भूगोल शिकवताना मी अर्धवट उत्तरं खपवून घेतली नाहीत, तुझीही घेणार नाही. एक दिवस आड लिहायचं. फोन करायचा नाही, कारण तू आणि सिस्टर बोलायला लागलात की मला मध्ये तोंड उघडायला मिळत नाही.

ज्या बाईने आयुष्यभर भिंतीवरच्या नकाशावर छडी आपटली तिने अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा सीमा ओलांडली. विमानातून खाली बघितलं तर कुठेही रेघ नव्हती. सिस्टरला तसं सांगितलं, तर ती म्हणाली, झोप आता. सदतीस वर्षं वॉर्डात माणसं झोपवून तिला तीच सवय लागली आहे.

खोली तिघींची घेतली होती, ती तिघींचीच मिळाली. तिसऱ्या पलंगावर मी बॅग ठेवली आहे आणि तिच्याशी भांडते. शाळेत असल्यापासून आपण तिघींनी जायचं ठरवलं होतं. निघायला वीस दिवस उरले असताना तू "दुकान बंद ठेवता येत नाही" म्हणालीस. तू चष्मे करतेस बाई, श्वास पुरवत नाहीस. मला ते लागलं आहे, आणि लागलं आहे हे मी लिहूनच ठेवते.

तुझा नवा चष्मा लावला आहे. जमीन जरा पोहते आणि पायऱ्या जवळ आल्यासारख्या वाटतात. तू म्हणालीसच होतीस, ऑपरेशननंतरचा नंबर आहे, आठ-दहा दिवस गरगरेल. तेव्हा गरगरू दे.

सोबत सिस्टरचा फोटो पाठवते. खाली काही लिहीत नाही. खुर्चीला धरून बस आणि मग बघ.

तुझी,
नकाशा


६ सप्टेंबर

प्रिय नकाशा,

पत्र मिळालं. छड्याही मिळाल्या.

फोटो बघितला. खुर्चीला धरण्यासारखं त्यात काय आहे? सिस्टर आहे तशीच आहे. तिच्यात पन्नास वर्षांत बदल झाला नाही, तो दोन दिवसांत काय होणार. तिच्या त्या वेणीला तिथे लोक वळून वळून बघत असतील.

इकडे नवीन काही नाही. शेजारचा शिंपी दर तासाला डोकावतो, मैत्रिणी कुठवर पोचल्या म्हणून विचारतो. त्याला मी देशांची नावं सांगते, तो "अरे वा" म्हणतो, दोघांनाही ते देश कुठे आहेत ते माहीत नाही. शाळेच्या बसचा ड्रायव्हर काल चष्मा घेऊन गेला. वीस वर्षांचं गिऱ्हाईक, माझ्याशिवाय कुणाकडे जात नाही. कोपऱ्यावरच्या त्या चकचकीत दुकानदाराने त्याला दोनदा हाक मारली म्हणे. हा ढुंकूनही बघत नाही त्याच्याकडे.

चष्मा नाकावरून काढू नकोस. मध्ये मध्ये काढलास तर डोळ्याला सवय होत नाही.

तिसऱ्या पलंगाला माझा नमस्कार सांग.

भिंग


८ सप्टेंबर

भिंग,

तुझं पत्र मी सिस्टरला मोठ्याने वाचून दाखवलं. वेणीपाशी आले आणि ती ओळ पुन्हा वाचली.

अगं, वेणी नाहीये. कमरेखाली पोचणारी वेणी तिने इथे आल्या आल्या कापून टाकली. कानाच्या वर केस आहेत, मानेवर वस्तरा फिरवला आहे, कॉलेजातल्या पोरासारखी दिसते. तो फोटो त्याचाच होता. पूर्ण चेहरा, जवळून. मी तर ती न्हाव्याच्या खुर्चीतून उठली तेव्हा दुसऱ्याच बाईला "सरका जरा" म्हणाले होते. आणि तू लिहितेस, आहे तशीच आहे. सिस्टर संध्याकाळभर टोपी घालून बसली. तिला वाटतंय तू टोमणा मारलास.

खरं सांग, फोटो बघितलास का? की आमच्यावरच्या रागाने उघडलाही नाहीस?

आता तो विषय निघालाच आहे तर निघतानाचा फोटोही काढते. टॅक्सीवाल्याने माझ्या दारात काढलेला, तिघींचा. त्याच सकाळी तू चष्मा आणलास आणि स्वतःच्या हाताने माझ्या नाकावर बसवलास. फोटोत तू माझ्यासमोर उभी आहेस, माझे खांदे धरले आहेस, आणि बघतेयस कुठे? माझ्या कानाच्या पलीकडे, कुंपणाकडे. निरोप देताना मैत्रिणीच्या तोंडाकडेही बघवत नव्हतं का तुला? एवढा कसला राग? रागवायचा हक्क आमचा होता.

असो. इथे रोज फजिती चालू आहे. काल एका दुकानात मी बाईला नम्रपणे रस्ता विचारला, ती कपडे घालून उभी केलेली पुतळी निघाली. आज जेवायला दुसऱ्याच टेबलावर जाऊन बसले, समोरचे गृहस्थ घाबरून उठले. सिस्टर म्हणते वय झालं. मी म्हणते, अजून चार दिवस, भिंग म्हणालीय.

नकाशा


१० सप्टेंबर

नकाशा,

फोटो बघितला होता. केस दिसले होते. मुद्दाम बोलले नाही. मलाही राग आला होता, तुम्ही दोघी माझ्याशिवाय मजा करताय त्याचा. झालं समाधान? सिस्टरला सांग, टोपी काढ. छान दिसतेस.

निघतानाच्या फोटोचं आता कुठे उकरून काढतेस. डोळ्यात कचरा गेला असेल.

चष्म्याचं म्हणशील तर डोळा हट्टी असतो, तुझ्यासारखाच. त्याला वेळ दे. तुझे डोळे मी तू बारा वर्षांची असल्यापासून ओळखते. वडिलांच्या दुकानात तुझा पहिला चष्मा मी पुसून दिला होता. तुझ्या चष्म्यात माझ्या हातून चूक व्हायची नाही.

भिंग


१२ सप्टेंबर

भिंग,

मी सिस्टर. घाबरू नकोस, आधी पूर्ण वाच.

नकाशा आज सकाळी अकराच्या सुमारास पडली. मोठ्या ग्रंथालयाच्या बाहेर दगडी पायऱ्या आहेत, चौदा. ती सहावीवरून थेट खाली आली. उजवं मनगट मोडलं आहे, प्लास्टर घातलं. भुवईला पाच टाके. शुद्ध गेली नाही, उलटी नाही, डोक्याचा फोटो काढला, तो नीट आहे. रात्रभर देखरेखीखाली ठेवणार आहेत.

मी दोन पावलं पुढे होते. ती घसरली नाही, अडखळली नाही. जिथे पायरी नव्हती तिथे तिने पाय टाकला. टाकताना ती माझ्याशी बोलत होती, चेहरा शांत होता. मी पडलेली माणसं पुष्कळ बघितली आहेत, असं पडताना कुणाला बघितलं नाही.

चष्मा तिच्या नाकावरच राहिला, एक ओरखडासुद्धा नाही.

दवाखान्यातून आमचा फोटो पाठवते आहे, म्हणजे तुझी खात्री पटेल.

सिस्टर


१२ सप्टेंबर

सिस्टर,

दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसले आहे. शिंप्याने पाणी आणून दिलं.

पाच टाके म्हणजे डोळ्याच्या किती जवळ? डोळा वाचला ना? ज्याचं ऑपरेशन झालं तोच का? तो कसला चष्मा घालून बसली होती ती, पायऱ्यांवर काढायचा ना. नाही, मीच काढू नकोस म्हणाले होते. मला काय लिहितेय कळत नाही.

फोटो बघून जरा जीव भांड्यात पडला. प्लास्टर बांधलेलं असूनही हसतेय आपली बाई. तूही दमलेली दिसतेस, जरा बस.

मला सगळं कळव. लगेच कळव.

भिंग


१४ सप्टेंबर

भिंग,

मी सांगते आहे आणि सिस्टर लिहिते आहे, कारण माझा उजवा हात गळ्यात टांगला आहे. मध्ये ती स्वतःचं काही घुसडणार नाही असं कबूल केलं आहे.

मी हसतेय त्या फोटोबद्दल आधी. सिस्टरने तुला आमचा फोटो पाठवलाच नव्हता. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये फरशी पुसायची बादली ठेवली होती, तिचा पाठवला. मला न सांगता. वेणीच्या दिवसापासून तिच्या मनात शंका होती, तिने तपासून बघितलं. तुझं उत्तर तिने मला वाचून दाखवलं तेव्हा मी तिच्यावर ओरडले, हे काय खेळ आहेत म्हणाले. ती म्हणाली, ओरड, पण आधी ऐक. तिच्या डोळ्यात पाणी होतं. सिस्टरच्या डोळ्यात पाणी मी दुसऱ्यांदा बघितलं आयुष्यात.

मग तिने मला हाताला धरून दवाखान्याच्या समोरच्या चष्म्याच्या दुकानात नेलं. आत एक तरुण मुलगी होती, तिची भाषा आम्हाला येत नाही, आमची तिला. मी ऑपरेशननंतरचा नंबराचा कागद पर्समध्ये ठेवला होता, तो दिला. आकडे सगळीकडे सारखेच असतात. तिने चष्मा यंत्राखाली ठेवला, एक डोळा मिटून आत बघितलं. परत कागद बघितला. परत यंत्रात बघितलं. मग तिने माझ्याकडे बघून दोन बोटं वर केली आणि एकावर एक ओलांडून दाखवली. ही इकडे, ती तिकडे.

मला कळलं आणि मी ते कळू दिलं नाही. मी तिच्याशी आपल्या भाषेत भांडले. म्हटलं, यंत्र बिघडलं असेल तुझं. हा चष्मा कुणी केलाय ठाऊक आहे का तुला? ती माझी मैत्रीण आहे, तिचा बाप हेच करत होता, चाळीस वर्षांत तिच्या हातची एक काच परत आलेली नाही. मुलगी बिचारी ऐकत राहिली. मग तिने काचा काढल्या, अदलाबदल करून बसवल्या आणि चष्मा माझ्या हातात दिला. पाच मिनिटंही लागली नाहीत.

मी तो लावला आणि दुकानाच्या दारातून पलीकडच्या फुटपाथवरच्या माणसाच्या कोटाची बटणं दिसली. दहा दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी दिसलं. तिथेच स्टुलावर बसले मी. पडताना रडले नव्हते, तिथे रडले.

भिंग, मी तुला एकच विचारते आणि तू सरळ उत्तर देणार आहेस. तुला दिसत नाहीये का?

नकाशा


१५ सप्टेंबर

नकाशा,

हो.

जानेवारीपासून. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला मधोमध खराबी आली आहे. कडेचं दिसतं, मधलं जातं. रस्ता दिसतो, पाटी दिसत नाही. माणूस येताना दिसतो, समोर येऊन उभा राहिला की त्याला तोंड नसतं. डॉक्टरने सांगितलं तेव्हा मी त्यालाच विचारलं, तुमचा चष्मा कुणी केला हो, वाकडा बसलाय. एवढाच विनोद सुचला. घरी येऊन दोन दिवस उठले नाही. हे जाणार नाही आणि सुधारणार नाही.

तुझी पत्रं मला फोन वाचून दाखवतो, बटण दाबलं की एक बाई भरभर वाचते, तुझ्या शिव्यासुद्धा बातम्यांसारख्या वाचते. माझीही मी बोलते, तो लिहितो. फोटोपाशी आली की ती बाई "फोटो" एवढं म्हणते आणि पुढे जाते. पुढचं मी बनवून सांगायचे. तुमच्याबरोबर आले नाही ते यासाठीच. विमानतळावर पाटीखाली उभी राहून मी कुणाला काय विचारलं असतं? पहिल्या तासात तुम्हाला कळलं असतं.

आता चष्म्याचं. कारखान्यातून काचा पाकिटातून येतात, वर पेन्सिलीने बारीक लिहिलेलं असतं, उजवी, डावी. ते मला दिसत नाही, यंत्रात डोळा लावला तर डागच दिसतो. अनोळखी गिऱ्हाइकाचं पाकीट मी शिंप्याकडून वाचून घ्यायचे. चष्मा घरी विसरला, असं सांगायचे. त्याने कधी विचारलं नाही की बाई, रोज कसा विसरता. पण ओळखीच्या माणसांची पाकिटं मी कुणाला दाखवली नाहीत. लाज वाटायची. आणि गरज काय, त्यांचे डोळे मला पाठ होते.

तुझ्या काचा मी अंगठ्याने चाचपल्या. एक जाड, एक पातळ. बारा वर्षांची असल्यापासून तुझी जाड काच डावीकडे. मी ती डावीकडे बसवली आणि खूश झाले, म्हटलं, डोळे गेले तरी हात आहेत.

जूनमध्ये तुझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दारात मी उभी होते. तुझा जुना चष्मा माझ्या मुठीत होता. डाव्या डोळ्याचा नंबर उतरला, आता जाड काच उजवीकडे, हे डॉक्टरने तुझ्याआधी मला सांगितलं. माझ्या डोक्याला सगळं माहीत होतं गं. हाताला माहीत नव्हतं.

तुझी बाकीची पत्रं मी काल पुन्हा ऐकली. जमीन पोहते, पायऱ्या जवळ येतात, पुतळीशी बोललीस. कुणीही गिऱ्हाइकाने हे सांगितलं असतं तर वडिलांनी मला त्याच क्षणी काचा उलट्या तर बसल्या नाहीत ना ते तपासायला लावलं असतं. आणि मी तुला लिहिलं, काढू नकोस. मीच तुला त्या पायऱ्यांवरून ढकललं.

क्षमा मागत नाही, कुठल्या तोंडाने मागू.

भिंग


१६ सप्टेंबर

भिंग,

मी संतापले आहे. सिस्टर म्हणते उद्या लिही, मी म्हणते आत्ताच.

माझं मनगट गेलं खड्ड्यात. ते जुळेल. तू आठ महिने आमच्याशी खोटं बोललीस, तेही बाजूला ठेवते, त्याचा हिशोब समोरासमोर होईल. तू लिहिलंस की ओळखीच्या माणसांचे चष्मे तू हाताने ओळखून बसवलेस. हे वाचून सिस्टरने फोन खाली ठेवला आणि दोघींच्या तोंडून एकदमच निघालं. शाळेच्या बसचा ड्रायव्हर.

वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्याचं पाकीट कुणी वाचलं, भिंग?

तो आज सकाळी बस घेऊन गेला असेल. उद्याही जाईल. मी जशी "भिंगने सांगितलंय" म्हणून पायऱ्या उतरले, तसाच तोही तुझ्यावर विश्वास टाकून चौकात वळत असेल. माझ्या मागे कुणी नव्हतं. त्याच्या मागे मुलं बसलेली असतात.

तू उद्या बस सुटायच्या आधी त्याच्याकडे जाशील. चष्मा काढून घेशील आणि खरं कारण सांगशील, नवीन फॅशन आली वगैरे नाही. मग तपासायला कुणाकडे न्यायचा ते तुला माहीत आहे, आणि तिथे जायला तुझा जीव जाईल हे मला माहीत आहे. गेला तरी चालेल. मग दुकान बंद.

हे झाल्याचं लिहीपर्यंत माझ्याकडून एक अक्षर येणार नाही.

नकाशा


२० सप्टेंबर

नकाशा,

झालं. क्रमाने सांगते, तुला तसंच आवडतं.

सतरा तारखेला सकाळी साडेसहाला बसेस उभ्या असतात त्या मैदानावर गेले. बसेस दिसल्या, नंबर दिसेनात. ड्रायव्हर मंडळी चहा पीत उभी होती, सगळी सारखी. शेवटी त्याचा खोकला ऐकला आणि त्या दिशेने गेले. म्हटलं, दादा, चष्मा काढा. तो हसला, म्हणाला, बाई, मला स्वच्छ दिसतंय, तुमच्या हातचा आहे. मग मी सगळ्यांच्या देखत सांगितलं की मला दिसत नाही, जानेवारीपासून दिसत नाही, आणि तुमच्या काचा मी चाचपून बसवल्यात.

मला वाटलं आता हा शिव्या देईल. त्याने चष्मा काढला, माझ्या हातात दिला, आणि मुलांची यादी दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातात ठेवून म्हणाला, आजची फेरी तू कर. मग माझा दंड धरून म्हणाला, चला, कुठे जायचं?

कोपऱ्यावरच्या चकचकीत दुकानात. वीस वर्षांत त्या पायरीवर मी पाय ठेवला नव्हता. तो काचविक्या दुकान उघडत होता, मला बघून त्याच्या हातातली किल्ली पडली. त्याला सगळं सांगितलं. त्याने यंत्रात बघायला जेवढा वेळ घेतला तेवढ्यात मी माझ्या बापाची, आईची, सगळ्यांची आठवण काढून घेतली.

म्हणाला, बरोबर आहेत काचा.

मी खाली फरशीवरच बसले. ड्रायव्हर शेजारी उकिडवा बसला आणि त्याने खिशातून रुमाल काढून दिला. त्याचा नंबर या वर्षी बदलला नव्हता एवढंच, नाहीतर आज मी तुला काय लिहीत असते?

मग आम्ही बाकीच्यांना बोलावलं. शिंप्याने माझी नंबरांची वही वाचली, तीन दिवसांत एकतीस जणांचे चष्मे तपासून झाले. अनोळखी लोकांचे सगळे बरोबर. तीन उलटे. तिन्ही माझ्या जवळच्या माणसांचे, ज्यांचे नंबर या वर्षी बदलले होते. एक तुझा. दुसरा शिंप्याचा. स्वतःच्याच चष्म्याचं पाकीट त्याला कसं वाचायला लावायचं, म्हणून मी हातानेच ओळखलं होतं. तो महिनाभर बोटात सुई टोचून घेतोय आणि मला एका शब्दाने बोलला नाही. का म्हणून विचारलं, तर म्हणतो, तुम्ही केलाय म्हटल्यावर चूक माझ्याच डोळ्याची असणार ना?

तिसऱ्याचं ऐक. आपल्या शाळेतल्या घंटावाल्या मावशी. त्यांचा चष्मा त्या काचविक्याने जुलैमध्येच सरळ करून दिला होता. मी विचारलं, मला का सांगितलं नाहीत? खाली मान घालून म्हणाला, तुमची चूक तुम्हाला सांगायला मी कोण, मला वाटलं माझंच यंत्र चुकलं. त्याने यंत्र दुरुस्तीला पाठवलं होतं, नकाशा. मला बसलेला सगळ्यात मोठा धक्का हा. मी आंधळी होत होते आणि आजूबाजूचे लोक आपले डोळे आणि आपली यंत्रं तपासत होते.

काल शटर ओढलं. कुलूप शिंप्याने लावलं, मला भोक सापडेना.

आता लिहिणार का?

भिंग


२३ सप्टेंबर

प्रिय भिंग,

लिहिते आहे. डाव्या हाताने, एकेक अक्षर दाबून, सिस्टरला न देता.

तुझं पत्र आम्ही तीनदा वाचलं. "बरोबर आहेत काचा" इथे येईपर्यंत सिस्टरने माझा प्लास्टरचा हात इतका घट्ट धरला होता की मी ओरडले. यंत्र दुरुस्तीला पाठवलं ही ओळ मात्र मी सिस्टरला पुन्हा वाचायला लावली. मीही तेच केलं होतं ना. त्या मुलीला म्हणाले, तुझं यंत्र बिघडलंय.

आजपासून फोटो बंद. सांगते, तसं बघ. आम्ही नदीकाठच्या बाकावर बसलो आहोत. बाक लाकडी, एक फळी सैल आहे, सिस्टर हलली की माझ्या बाजूने वर येते. पाणी चहासारख्या रंगाचं आहे. सिस्टरचे केस सगळे पांढरे आहेत, वेणीत इतके कळत नव्हते, आणि मागे मानेवर एक भोवरा आहे जो आपण पन्नास वर्षांत कधी बघितला नव्हता. टोपी तिने तुझ्या आठवणीने काढली आहे. माझ्या भुवईवरचे टाके सुरवंटासारखे दिसतात. आमच्या दोघींच्या मध्ये तुझ्याएवढी जागा आहे, तिथे पर्स ठेवली आहे.

चार दिवसांनी येतोय. मग तुला हाताशी धरून आणखी एका डॉक्टरकडे नेणार, सिस्टरने नाव काढून ठेवलंय. हो-नाही चालणार नाही. पुढच्या वर्षी तिसरा पलंग तुझा, आणि पाट्या मी वाचणार. तीस वर्षं वर्गात दुसरं काय केलं.

माझा राग गेला का? बराचसा. खोटं बोललीस ते अजून टोचतं. आणि खरं सांगू, सगळ्यात जास्त तो दारातला फोटो टोचतो. सगळं कळल्यावरही तो उघडून बघते. डोळ्यात कचरा गेला नव्हता तुझ्या. मला सोडून कुंपणाकडे का बघत होतीस गं?

नकाशा


२४ सप्टेंबर

प्रिय नकाशा,

बाक बघितला. पाणी बघितलं, भोवरा बघितला. माझ्या जागेवरची पर्स उचलून मांडीवर घे, कुणीतरी पळवेल.

डॉक्टरकडे येईन. पाट्या तूच वाच.

फोटोचं राहिलं. तुला लिहिलं होतं ना, मधलं जातं, कडेचं दिसतं. सरळ तुझ्याकडे बघितलं तर तुझं तोंड नाहीसं होतं, नुसता खांद्यांवर एक डाग उरतो. म्हणून जे बघायचंय त्याच्या जरा पलीकडे बघावं लागतं. त्या सकाळी तू निघालीस, परत येशील तेव्हा माझे डोळे किती उरले असतील कुणास ठाऊक, आणि मला तुला नीट बघून ठेवायचं होतं. नव्या चष्म्यातली, केस विस्कटलेली, माझ्यावर चिडलेली.

कुंपणाकडे बघितलं, तेव्हा तू पूर्ण दिसलीस.

भिंग